डबा पाहावा भरून

ऐकलंत का? सी विंगमधल्या त्या तिसरीतल्या मुलीला काल डब्यात क्विनोआचा उपमा दिला होता. बरं, नुसता उपमा असता तर आपण गप्प बसलो असतो. आपण काय कुणाच्या डब्यात नाक खुपसणारे आहोत का? पण उपम्याशेजारी बिटाच्या रसाने गुलाबी झालेल्या इडल्या, त्यांच्या पलीकडे सिलिकॉनच्या वाटीत साल काढलेले पाच बदाम, आणि कोपऱ्यात काकडीचे तारे. तारे! साच्याने कापलेले! काकडीने असं कुणाचं काय वाकडं केलं होतं? तारे कापून उरलेली भोकाभोकांची काकडी मुलीच्या बाबांनी ऑफिसच्या डब्यात नेली म्हणे, आणि मुकाट्याने खाल्ली.

आता हे आपल्याला कसं कळलं, असं विचारू नका. न कळायला आपण काय जंगलात राहतो? पहाटे पावणेसहाला ग्रुपवर फोटो पडला. खाली लाकडी पाट, खिडकीतून बेताचा उजेड, बाजूला सहज टाकल्यासारखं दिसणारं एक फडकं, जे सहज टाकायला दहा मिनिटं तरी लागली असतील. खाली अंगठे, बदाम, टाळ्या. सहाला बी विंगमधून उत्तर गेलं : नाचणीचे छोटे डोसे, त्यांना गाजराचं नाक आणि मिऱ्यांचे डोळे. (ते डोळे चावल्यावर पोराच्या डोळ्यांत काय आलं, ते मात्र कुणी टाकलं नाही.) झालं! पेटली की हो लंका!

काय म्हणावं याला? जायचं पोराने, भरायचा आईने आणि बघायचा सगळ्या गावाने? पूर्वी डब्याचा बोभाटा होत नसे. पोळी-भाजी, फार घाई असली तर तूप-साखरेची गुंडाळी. झाकण बसलं की विषय संपला. झाकण नाही बसलं तर वर रबर. आता झाकण बसायच्या आधी डबा सजतो, टिपला जातो, चारचौघांत वाखाणला जातो आणि तोवर पोराची बस निघून गेलेली असते.

आणि डबा म्हणजे एक डबा समजलात? कुठल्या जगात आहात! छोट्या सुट्टीचा वेगळा, त्यात फळं किंवा सुका मेवा. मोठ्या सुट्टीचा वेगळा, तीन कप्प्यांचा. बसमध्ये तोंड हलवायला एक चपटी डबी. आणि शाळा सुटल्यावर पोर घरी येतं, असं अजून कुणाला वाटतं का? ते अबॅकसला जातं, तिथून स्केटिंगला, नाहीतर थेट क्लासला. म्हणून चौथा डबा. सकाळी पावणेसातला बसमध्ये चढलेलं लेकरू दिवेलागणीला उतरतं. सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत आदेश काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतरच भरवा, मुलांची झोप होऊ द्या. ज्यांच्या शाळांनी ऐकलं, त्या घरांत सकाळचे दोन तास मोकळे झाले. तुम्हाला वाटेल, झोपली असतील बिचारी. कसली झोपताहेत! दोन तासांत डब्याला एक कप्पा वाढला.

मुंबईचे डबेवाले १८९० पासून माणसाला घरचं जेवण पोचवताहेत. एका माणसाचा एक डबा, हा त्यांचा साधा सरळ मामला. त्यांना हे एका तिसरीतल्या जिवाचे चार डबे आणि दोन बाटल्या दाखवल्या, तर ते टोपी काढून खाली बसतील.

वजनाचं तर बोलूच नका. २०२० च्या दप्तर धोरणाने बजावलंय, दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको. पंचवीस किलोच्या पोराला अडीच किलो. आता करा हिशेब. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर झालंच. बाटली स्टीलची, दुपदरी, बारा तास गार ठेवणारी. ती आपलं वजन वेगळं आणते. वर चार डबे, बर्फाची पिशवी, काटा, चमचा आणि तोंड पुसायला बांबूच्या धाग्याचा रुमाल. मग पुस्तकं कुठे? शाळेच्या कपाटात. वह्या? क्लासमध्ये. दप्तरात मग आहे काय? पोषण!

दोन बाटल्या का, हे विचारायचं राहिलंच ना? एक पाण्याची, दुसरी 'पेया'ची. आणि पाण्याची तरी नुसत्या पाण्याची असते का? तिच्यात काकडीच्या चकत्या, पुदिन्याची पानं, लिंबाची फोड. पोर बाटली तोंडाला लावतं आणि आधी पाला थुंकतं. केरळने २०१९ मध्ये मुलांना पाणी प्यायची आठवण म्हणून शाळांत वेगळी घंटा सुरू केली. चांगलंच केलं, त्याला कोण नावं ठेवणार? इकडे आयांनी घंटेची वाटही पाहिली नाही, बाटलीवरच वेळेच्या रेघा आल्या. दहापर्यंत इथवर, बारापर्यंत इथवर, शाळा सुटताना तळ दिसला पाहिजे. पोरं काय कच्च्या गुरूची चेली आहेत? रेघेपर्यंतचं पाणी बेसिनला आणि उरलेलं एकमेकांच्या अंगावर. घरी आल्यावर आई बाटली उलटी धरून मिरवते, एक थेंब ठेवला नाही हो माझ्या बाळाने!

पेयांत तर नुसता धुमाकूळ. आवळ्याचा रस. बीट-गाजर-सफरचंदाचा तो लालभडक रस, जो सांडला की पांढरा गणवेश थेट पोछ्याच्या बादलीत. कोकम सरबत, पन्हं, ताक. यात नवीन काय, म्हणालात? नवीन आहे बाटली! गेल्या उन्हाळ्यात एकीने तांब्याच्या बाटलीत ताक भरून दिलं. तांबं चांगलं, ताक चांगलं, म्हणजे दोन्ही मिळून दुप्पट चांगलं, असा सरळ हिशेब. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या तांब्यात कळकतो, हे ज्या आजीला पक्कं ठाऊक होतं, तिला विचारलं का कुणी? ताकापुरती आजी म्हणतात, इथे ताकापुरतीही आजी उरली नाही. आणि आजीलाही फुरसत कुठे होती? ती आतल्या खोलीत यूट्यूबवर चियाची पुडिंगं बघत बसली होती.

आणि दुधातल्या त्या चॉकलेटी पावडरींवर आलेला प्रसंग! २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना कळवलं, की असल्या पेयांना 'हेल्थ ड्रिंक'च्या रांगेतून उठवा, कायद्यात अशी काही व्याख्याच नाही. सोसायटीत काय सुतक पडलं म्हणता! पिढ्यानपिढ्या पोरं त्या पावडरीवर उंच झाली, अशी प्रत्येकाची श्रद्धा. मग काय, डबे फेकले? छे हो, फेकायला काय पैसे झाडाला लागतात? पावडर आधी संपवली, मोठ्यांनी संपवली, रात्री, उभ्या उभ्या, चमच्याने. त्याच डब्यात आता मखाना भरलाय.

मखान्याचंही एक सांगून ठेवू. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं, तेवढ्याच मखान्यात नऊ-दहा. भाव मात्र बरोब्बर उलटा! पण शेंगदाणे-गुळाचा फोटो कुठे उठून येतो? आणि नाचणी? २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्याच प्रस्तावावरून भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हापासून नाचणीने जी मान वर केलीय, ती खाली घ्यायला तयार नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. आकड्याबद्दल आपली तक्रार नाही. तक्रार आहे ती नाचणीची ब्राउनी करून, वर खजुराचा पाक ओतून, पोराच्या हातावर ठेवून "केक आहे हो राजा" म्हणणाऱ्या निष्पाप चेहऱ्यांबद्दल. इतकं सराईत खोटं आपल्याकडे निवडणुकीतही ऐकायला मिळत नाही.

लोण कुठवर पोचलंय बघा. न्यू जर्सीतल्या आपल्या ताईंकडे बऱ्याच शाळांत ॲलर्जीच्या धास्तीने वर्गात शेंगदाणा चालत नाही. आता कुटाशिवाय साबुदाण्याची खिचडी? कुटाशिवाय कोशिंबीर? ताईंनी सूर्यफुलाच्या बिया भाजून कुटून घातल्या, बिचारीचा नाइलाज होता. फोटो इकडे आला. दुसऱ्या दिवशी कोथरूडमध्ये, जिथे शेंगदाण्यावर कुणाच्या बापाने बंदी घातलेली नाही, सूर्यफुलाच्या बिया औषधाला मिळेनात.

पण खरी गंमत लपवाछपवीत आहे. भाजी दिसता कामा नये, पोटात मात्र गेली पाहिजे, असा हा गनिमी कावा. पालक पुरीत, दुधी थालीपिठात, भोपळा डोशात, फ्लॉवर किसून सरळ भातात, आणि लाल माठ पास्त्याच्या सॉसमध्ये, टोमॅटोचं नाव लावून. पोरांनीही मग आपलं हेरखातं उघडलंय. पुरी उजेडाकडे धरून बघतात. थालीपिठाचा तुकडा बोटांनी उकलतात.

"यात दुधी आहे."

"नाही रे सोन्या, चीज आहे ते."

"चीजला बिया नसतात."

दुसरीतलं पोर! याला मोठेपणी इन्कम टॅक्सवाल्यांनी अलगद उचलावं. गाजराचं मात्र बरं असतं, लपवलं तर लपवलं नाहीतर तसंच दातांखाली. पुंगी वाजली नाही तरी मोडून खायची सोय आहे.

आणि नव्याने दीक्षा घेतलेल्यांचा कडवेपणा काय वर्णावा! ज्या आजीने आयुष्यभर प्रत्येक डब्यात शंकरपाळ्यांची पुरचुंडी सरकवली, ती आता चष्मा सरसावून बिस्किटांचा पुडा उलटा करते आणि "पाम तेल!" असं उच्चारते, की ऐकणाऱ्याने घाबरून रामरक्षा म्हणावी. आजोबा वाण्याच्या दुकानात उभे राहून घटकांची यादी मोठ्याने वाचतात. मागे रांग तिष्ठतेय. "हे माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे साखरेचाच भाऊ ना हो?" वाणी हात जोडतो, "आजोबा, तुम्ही गूळ न्या." "सेंद्रिय आहे का?" बाबा मंडळींनी तर कहर केलाय. ज्यांना घरात चहापत्ती कुठे असते हे माहीत नव्हतं, त्यांनी एअर फ्रायर आणला आणि रविवारी ओटा ताब्यात घेतला. घरोघरी मातीच्या चुली म्हणत होतो ना आपण? आता घरोघरी एअर फ्रायर, आणि त्यातून निघणारी ती कोरडीठाक भजी. ती घशाखाली उतरायला पाणी लागतं. म्हणून तर बाटली एवढी मोठी.

२०२५ च्या मे महिन्यात सीबीएसईने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले. कशात किती साखर, किती चालते, जास्त झाली की काय होतं, सगळं भिंतीवर. फळा शाळेत लागला आणि पोलीस घरात आले! शीतपेयात शंभर मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर, म्हणजे तीनशेच्या बाटलीत सात-आठ चमचे, हे पाचवीतल्या पोरांना तोंडपाठ. परवाच एक नात आजोबांच्या कपात डोकावली, "आबा, दुसरा चमचा?" ज्या आबांनी बायकोला, डॉक्टरला आणि दोन्ही मुलांना कधी दाद दिली नाही, त्यांनी चमचा निमूट खाली ठेवला. तीच नात मधल्या सुट्टीत मैत्रिणीच्या डब्यातली क्रीमची बिस्किटं चाटून पुसून खाते, हे आबांना कोण सांगणार? वरून कीर्तन, आतून तमाशा!

मधल्या सुट्टीत काय चालतं, ते आपल्याला ठाऊक आहे. बाजार भरतो, बाजार. चार नाचणीच्या कुकीजना एक वेफर. अख्ख्या डबीभर हमसला अर्धी मॅगी, तीही गार, गोळा झालेली. मेथीच्या बेक केलेल्या खाकऱ्याला गिऱ्हाईकच नाही. ज्या पोराची आई अजून सुधारलेली नाही, सरळ तळलेल्या कुरडया देते, ते पोर वर्गाचं सरदार. त्याचा गृहपाठ पुरा करून द्यायला मुलं रांगेत उभी. आणि ती माउली ग्रुपवर तोंड लपवून असते! कुणीतरी तिला सांगा हो, की तिच्या जिवावर अख्खी 'ब' तुकडी जगतेय.

बाईंचा पहारा असतो म्हणता? असतो तर. डायरीत छापील वेळापत्रक आहे : सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी कडधान्य, अमक्या दिवशी पराठा, आणि शुक्रवारी 'आवडीचा पदार्थ', तोही तळलेला नको, मैद्याचा नको, पाकिटातला नको. मग आवडीचा कसा काय बुवा? जॅम सापडला तर लाल शाईत शेरा. वाढदिवसाला चॉकलेटं वाटायला मनाई, म्हणून परवा एका पोराने वर्गभर खजुराचे लाडू वाटले. पोरांनी "हॅपी बर्थडे" म्हटलं, पण असं, की त्याला वाटावं आपलं काही चुकलं.

२०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी तर शाळेत आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचा माल विकायला बंदी घातली. फार छान. मग कोपऱ्यावरची वडापावची गाडी कुठे गेली? गेली ना, पन्नास मीटरच्या जरा पुढे, पिंपळाखाली. मागच्या पालकसभेत आहारतज्ज्ञांचं व्याख्यान झालं. तळलेलं म्हणजे साक्षात विष, सगळ्यांनी माना डोलावल्या, दोघींनी लिहून घेतलं. सभा सुटल्यावर त्या पिंपळाखाली कोण कोण उभं होतं, नावं घेऊ का? नको, आपलीच माणसं. आणि चटणी जास्त मागणारी तर अगदीच आपली.

मध्येच एक सरकारी आकडा. प्रधानमंत्री पोषण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं ठरलेलं आहे. हे कळल्यावर सोसायटीत खळबळ. बारा? सरकारीत बारा? मग आपल्यात किती भरतात? लगेच मोबाइलवर बेरजा-वजाबाक्या. बेरीज बाराच्या वर गेली, तेव्हा कुठे जिवात जीव आला. आता त्यातली किती पोटात गेली आणि किती डब्याबरोबर घरी परत आली, हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या शाळेत पंगतीला बसणाऱ्या पोरांना पडत नाही. तिथे उसळ-भात समोर येतो आणि जेवून होतं. इथे पडतो. इथे संध्याकाळी डबा उघडताना आईचा चेहरा बघावा, निकालाचा लिफाफा तो काय!

पण खरं सांगू, कुणाला बोलणार नसाल तर? या वेडापायी काहीजणी खरोखरच तयार झाल्या. सकाळी साडेसहाला भरलेलं साडेबाराला उघडायचं, मार्च-एप्रिलच्या नागपुरात किंवा सोलापुरात, म्हणजे चेष्टा नाही. गरम पोळी तशीच कोंडली की वाफेने चिकट होते, म्हणून आधी जाळीवर निववायची. दहीभाताला दूध सढळ हाताने आणि दही फक्त चमचाभर; दुपारपर्यंत डब्यातच विरजतं आणि भात आंबट लागत नाही. सफरचंदाच्या फोडी मिठाच्या पाण्यातून काढल्या की काळ्या पडत नाहीत. थर्मासच्या डब्यात आधी उकळतं पाणी ओतून ठेवायचं, ते फेकून मग भाजी. मोडाची मटकी वाफवून, कोरडी करून द्यायची. ओली कच्ची कोंबली तर झाकण उघडताच निम्मा वर्ग बाहेर. यातलं काही त्या लाकडी पाटावरच्या फोटोंत सापडत नाही. हे ज्ञान मिळतं बसच्या थांब्यावर, गाउनवर ओढणी घेतलेल्या, एका हाताने पोराच्या बुटाची नाडी बांधणाऱ्या बायकांकडून, आणि तेही बस वळणावर दिसेपर्यंतच. त्यांचा डबा कुणी लाइक केलेला नाही. तो रिकामा परत येतो, म्हणून त्यांना त्याचं काही वाटतही नसावं.

असो. लोक वेडे झालेत, आपण काय करणार? आपण शहाणे. काय म्हणता, तुम्हीही यातले नाही? उत्तम. मग फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ती काचेची बरणी कसली आहे हो? सब्जा? सब्जा काळा असतो. हे करडं दिसतंय, ठिपक्याठिपक्यांचं. मुलीसाठी आणलंत? मुलगी तर कॉलेजला गेली ना, हॉस्टेलवर? अच्छा, अहोंच्या डब्यात. नाही नाही, हसत नाही. उलट बरं झालं विषय निघाला. पाणी किती घालता? आमच्याकडे मेल्या गुठळ्याच होतात, बाटलीच्या तोंडाशी बूच बसतं. काय? एकदा ढवळून पाच मिनिटांनी परत ढवळायचं? आणि दूध कोमट नको? थांबा थांबा, पेन घेऊ द्या.